कडेची वीट

आमचे व्याही वाईट माणूस असते तर माझं किती सोपं झालं असतं. बाकीचे लोक व्याह्यांना नावं ठेवतात, बायकोपाशी दोन तास कुरकुर करतात आणि मोकळे होतात. माझ्या नशिबात ती सोय नाही. हा माणूस आवाज चढवत नाही, कुणाच्या पाठीमागे बोलत नाही, जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः धुतो. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, बायको जाऊन सहा वर्षं झाली, पण रडगाणं नाही. उलट स्वयंपाक शिकले. पंखा दुरुस्त करतात, पंक्चर काढतात, शिलाई मशीनसुद्धा चालवतात. अशा माणसाचा राग करायचा म्हटलं तर धरायचं कुठे?

मी बरोबर जागा शोधून काढली. ते माझ्या लेकीचे सासरे आहेत आणि माझी लेक त्यांना 'बाबा' म्हणते.

सुरुवातीला म्हणत नव्हती. लग्नानंतर दोन वर्षं ती त्यांना सगळ्या गल्लीसारखंच 'सर' म्हणायची. मग एके दिवशी आम्ही फोनवर बोलत असताना मागे कसलंसं भांडं पडलं आणि ती ओरडली, "बाबा, असू द्या, मी उचलते!" मी इकडे फोन कानाला लावून उभा. क्षणभर वाटलं मलाच म्हणाली. मग डोक्यात प्रकाश पडला की माझा शब्द उचलून तिने दुसऱ्याला दिलाय, आणि मला साधं विचारलंही नाही. फरक एवढाच उरला की त्यांना 'तुम्ही' आणि मला 'तू'. तेवढ्यावर मी समाधान मानून होतो. पण एका घरात दोन बाबा झाले की घोटाळा होणारच, आणि तो जावयाने मिटवला. मी एकदा दार वाजवलं तर आतून त्याचा आवाज आला, "अगं, तिकडचे बाबा आलेत."

तिकडचे बाबा! म्हणजे इकडचे कोण, ते ठरूनच गेलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण जावई पडला. मी हसून आत गेलो आणि पाणी मागितलं.

मी गवंडी. चाळीस वर्षं थापी हातात धरली. माझ्या हातचे जिने चढून लोक म्हातारे झाले, पण एक पायरी हलली नाही. लेक एकुलती एक. लहानपणी तिला घरी ठेवायला कुणी नसलं की मी कामावर घेऊन जायचो. ती वाळूच्या ढिगावर बसून मजुरांना हुकूम सोडायची, म्हणून तिचं नाव पडलं मुकादम. अजूनही मी तिला मुकादमच म्हणतो. तिचा-माझा एक खेळ होता. नवीन बांधकामावरून मी हात फिरवायचो, बोटाच्या पेराने टकटक करायचो, आणि ती गंभीर तोंड करून विचारायची, "पास?" मी "पास" म्हटलं की ती धावत सुटायची. "नापास" म्हटलं की आम्ही दोघं मिळून ते तोडायचो. तोडायला तिला जास्त आवडायचं.

आता पायऱ्यांचं सांगतो.

व्याह्यांच्या घराला समोर तीन पायऱ्या. जुन्या काँक्रीटच्या. कडा झडलेल्या, मधली पायरी झिजून पळीसारखी खोलगट झालेली. मी दोनदा त्यांना सिमेंटची ठिगळं लावली होती. दोन्ही वेळा वर्षभरात निघाली, कारण खालचं काँक्रीटच भुसभुशीत झालं होतं. तीन महिन्यांपूर्वी मुकादम म्हणाली, "बाबा, ह्या पायऱ्या आता काढूनच टाक ना. विटांच्या कर. ते लाल विटांचे पेव्हर मिळतात बघ, तसल्या."

"विटा भिंतीत शोभतात," मी म्हटलं. "पायाखाली काँक्रीट. उद्या म्हणशील छपरावर कपबश्या लाव."

"अरे, छान दिसतात पण."

"छान दिसायला पायरी काय फोटो काढायला बसणार आहे?"

ती हसली आणि म्हणाली, "बरं." मी समजलो पटलं. तिथेच चुकलो. आमच्या मुकादमाचं 'बरं' म्हणजे तो विषय तुमच्यापुरता संपला, एवढंच.

पुढे तीन आठवड्यांनी मी सहज म्हणून तिच्याकडे गेलो, तर पायऱ्या जागेवर नाहीत. दारापासून खाली एक जाड फळी टाकलेली, बाजूला काँक्रीटच्या तुकड्यांचा ढीग, आणि खड्ड्यात गुडघ्यापर्यंत पँट दुमडून आमचे व्याही उभे. कानावर पेन्सिल. पेन्सिल! आमच्या धंद्यात कानावर पेन्सिल ठेवायची छाती व्हायला मला पाच वर्षं लागली होती.

"या या, उस्ताद!" ते मला उस्ताद म्हणतात. चेष्टेने नाही, मनापासून, हा आणखी एक त्रास. "बरे आलात. आता माझ्या चुका काढा."

"हे कधी काढलंत?" मी विचारलं.

"झाले चार दिवस. सूनबाईंना विटांच्या हव्या होत्या. मी म्हटलं, बघू तरी जमतं का. फोनवर सगळं शिकवतात हो हल्ली."

मुकादम दारात आली. मी तिच्याकडे पाहिलं. "मला नाही सांगितलंस."

"तुझी कंबर धरते ना सारखी," ती म्हणाली. "म्हटलं तू आराम कर. आणि तुला कुठे आवडतात विटा."

व्याही माझ्याहून दीड वर्षाने मोठे आहेत. त्यांना आराम कुणी सांगत नाही.

मी खड्ड्याभोवती एक चक्कर मारली. मनातून एवढीच इच्छा होती की काम गचाळ निघावं. पण बुवाने जीव ओतला होता. खाली बारीक खडी धुमसून धुमसून पक्की केलेली. दोन्ही बाजूंना सूत बांधलेलं. पायऱ्यांच्या समोरच्या बुटक्या भिंती सिमेंटात बांधलेल्या आणि ओळंब्यात सरळ. पायऱ्यांना बाहेरच्या बाजूने किंचित ढाळ, पाणी दाराकडे येऊ नये म्हणून. हे तर अर्ध्या गवंड्यांना सांगावं लागतं. त्यांनी वही उघडून दाखवली. तिच्यात एकेक वीट काढलेली, रेघा पट्टीने मारलेल्या, अक्षर फळ्यावर असतं तसं.

आणि त्या वहीत मला चूक दिसली.

चूक अशी होती. अंगणात पेव्हर वाळूवर बसवतात, ते चालतं, कारण चारही बाजूंनी विटा एकमेकींना धरून असतात. पायरीच्या कडेला मात्र पुढे धरायला कुणी नसतं. तिथली वीट सिमेंटाच्या मसाल्यातच बसवायची, आणि तीही कडेला समांतर नाही, तर लांबी आत घालून, म्हणजे टोकावर पाय पडला तरी तिचा मागचा भाग तिला सोडत नाही. व्याह्यांच्या वहीत कडेच्या विटा आडव्या होत्या. सिमेंटचं पोतं रिकामं होऊन घडी घालून ठेवलेलं होतं.

"वरच्या विटांना सिमेंट?" मी विचारलं.

"नाही लागत म्हणे. वाळूवरच बसतात. तुम्ही काय म्हणता?"

हे मी इथे कबूल करतो, त्यांनी विचारलं होतं. सरळ शब्दांत, माझ्याकडे बघून विचारलं होतं. आणि माझ्या तोंडात उत्तर आलंही होतं. एका वाक्याचं काम. पण तेवढ्यात मुकादम चहा घेऊन बाहेर आली. व्याह्यांचे दोन्ही हात मातीने भरलेले, चष्म्यावर धूळ. तिने कप खाली ठेवला, त्यांचा चष्मा अलगद काढला, ओढणीने दोन्ही काचा पुसल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला. मग मला कप दिला. माझा हात मोकळाच होता, त्यामुळे माझं काही पुसायची वेळ आली नाही.

माझं उत्तर आतल्या आत विरलं. "उत्तम चाललंय," मी म्हटलं. "असंच करा."

घरी गेलो तर आमची ही मटार सोलत बसली होती. माझ्या चेहऱ्याकडे न बघताच म्हणाली, "काय झालं? कुणाचं कौतुक ऐकून आलात?"

"व्याही पायऱ्या करतायत. विटांच्या."

"अगं बाई! ह्या वयात? हौस किती त्या माणसाला."

"हौसच," मी म्हटलं.

"नीट जमतंय का पण? तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं. जमतंय."

तिने शेंग खाली ठेवली. "तुमच्या पोटात दुखतंय."

"मला काही दुखत नाही. कंबर सोडून."

बायको हसली. तिला हसायला येतं, कारण तिला कुणी 'तिकडची आई' म्हणत नाही. विहीणबाईच नाहीत, तर तिला स्पर्धा कुणाची!

दोन आठवड्यांनी मुकादमाचा फोन आला. पायऱ्या झाल्या, बघायला या. आम्ही दोघं गेलो. खरं सांगायचं तर फाटकाशी पोचल्यावर माझी पावलं थबकली. लाल-तपकिरी विटा, वेणी घालतात तशा एकमेकींत तिरक्या गुंफलेल्या, सांधे दोरीने आखल्यासारखे. दोन्ही बाजूंना कुंड्या. शेजारची बाई तिच्या बहिणीला दाखवायला घेऊन आली होती. समोरचा औषधवाला दुकान सोडून येऊन फोटो काढत होता. "सरांनी स्वतःच्या हाताने केलंय," तो मला म्हणाला, जणू मी रस्त्यावरून चाललेला कुणीतरी आहे. "माणसाने मनावर घेतलं तर काय अवघड आहे?"

काय अवघड आहे! मी चाळीस वर्षं काय चिंचोके मोजत होतो?

माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. आणि त्या गर्दीत मुकादमाने माझा दंड धरला. कडेवर दीड वर्षाची माझी नात, छोटी. ती मला पायऱ्यांपाशी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा, हात फिरव ना."

मी बसलो. खालच्या पायरीवरून हात फिरवला. सपाट. बोटाच्या पेराने वाजवत गेलो. आतल्या विटा भरीव वाजत होत्या. मधल्या पायरीच्या कडेला आलो, पहिली वीट, दुसरी वीट, आणि तिसरी वाजली पोकळ. मी तिच्यावर अंगठा दाबला. केसभर हलली. कुणाला दिसलं नसतं. माझ्या अंगठ्याला कळलं.

"पास?" मुकादमाने विचारलं. तसंच गंभीर तोंड, लहानपणचं.

मी वर पाहिलं. तिच्या मागे व्याही उभे होते, हात मागे बांधून, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे. मनात आलं, आत्ता 'नापास' म्हटलं तर सगळ्यांना वाटेल म्हातारा जळतो. 'पास' म्हटलं तर महिन्या-दोन महिन्यांत वीट आपोआप निघेल, तेव्हा कुणाला बोलवावं लागेल? मला. मग मी येईन, सराईत हाताने सगळं नीट बसवून देईन आणि औषधवाल्याला कळेल काय अवघड असतं ते.

"पास," मी म्हटलं.

"उस्तादांनी पास केलं!" व्याही असे खूश झाले की त्यांनी औषधवाल्यालाच मिठी मारली. मुकादमाने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. खूप दिवसांनी टेकली होती. आणि मला ते सुखही धड घेता येईना.

नंतरचे सहा आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. कुणी पडावं असं मला वाटत नव्हतं, हे शपथेवर सांगतो. फक्त वीट हलावी. एखाद्या सकाळी तिने पाय ठेवावा, वीट डुगडुगावी, आणि तिने फोन करावा, "बाबा, ये ना." एवढंच. मी कामाची पिशवी भरून दाराशी ठेवली. थापी, पाणसळ, सूत, रबरी हातोडी, सगळं पुसून. बायको म्हणाली, "कुठे काम लागलंय का?" मी म्हटलं, असू दे, तयारी असलेली बरी. मधेच काहीतरी निमित्त काढून मी तिकडे दोनदा जाऊन आलो. जाताना आणि येताना मी स्वतः त्या तिसऱ्या विटेवर पाय देत नव्हतो. दोन्ही वेळा मुकादम मला सोडायला खाली उतरली, छोटीला कडेवर घेऊन, बोलत बोलत, माझ्याकडे बघत. दोन्ही वेळा मी मूग गिळून बसलो.

मग एका दुपारी फोन आला.

"बाबा, बाबा पडले," मुकादम म्हणाली. आवाज रडवेला.

"कुठून?"

"पायरीवरून. पोस्टमन आला होता, घाईने उतरले. मनगट मोडलंय. आत्ताच प्लॅस्टर घालून आणलं."

खोटं बोलणार नाही. भीतीच्याही आधी, पापणी लवायच्या आत, माझ्या मनात आलं ते हे की तिने मला फोन केला. मग लाज वाटली, मग भीती वाटली. पण आधी ते आलं. मी दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि निघालो.

व्याही बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले होते. उजवा हात गळ्यात बांधलेला, हनुवटी खरचटलेली. छोटी त्यांच्या पायाशी त्यांच्या चपलेत पाय घालून उभी. मुकादम दाराच्या चौकटीला टेकून होती. जावई औषधं आणायला गेला होता.

"उस्ताद, माफ करा," मला बघताच व्याही म्हणाले. ह्या माणसाचं मनगट मोडलंय आणि माफी हाच मागतोय. "तुमचं नाव घालवलं मी. सगळ्या गल्लीत सांगत सुटलो होतो, उस्तादांनी पास केलंय म्हणून."

"छे छे, त्यात काय."

"नाही, पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं." त्यांनी डावा हात पुढे करून माझ्या हातावर थोपटलं. "पेव्हर म्हणजे काही तुमचं रोजचं काम नव्हे. तुमच्याही नजरेतून सुटलं. होतं असं. वयं झाली आता आपली."

तो हात, ती समजूत, ती दया. मनगट मोडलं त्यांचं, आणि समजूतही त्यांनीच माझी काढायची! शब्द तोंडातून कधी बाहेर पडले ते मला कळलं नाही.

"सुटलं?" मी म्हटलं. "माझ्या नजरेतून? अहो, ती तिसरी वीट पहिल्या दिवसापासून हलत होती! कडेची वीट वाळूवर बसवतात का कुठे? मी अंगठा ठेवला तेव्हाच मला कळलं. अंगठा कशाला, तुमच्या वहीतच दिसलं होतं मला. चाळीस वर्षांत माझ्या नजरेतून एक वीट सुटली नाही!"

छोटीने चपलेतून पाय काढला आणि ती आईकडे गेली. व्याह्यांचा हात अजून माझ्या हातावर होता. तो त्यांनी काढून घेतला नाही. वर्गात एखाद्या मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, शांतपणे, खरोखर न कळल्यासारखं, "मग पास का केलंत?"

उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," मुकादम म्हणाली.

मला वाटलं ती त्यांच्याशी बोलतेय. मी व्याह्यांकडे पाहिलंसुद्धा. मग कळलं की 'तुम्ही' मीच आहे.

"मी रोज हिला कडेवर घेऊन उतरते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "दुसऱ्या हातात पिशवी असते. खाली बघत नाही मी. का बघू? तुम्ही हात फिरवला होता."

"मुकादम, मी सांगणारच होतो..."

"कधी?"

ती छोटीला उचलून आत गेली. आतलं दार तिने आपटलं नाही, नीट लावून घेतलं.

मी खुर्चीत बसून राहिलो. पिशवी मांडीवर. बऱ्याच वेळाने मी व्याह्यांना म्हटलं, "माझ्या पोटात दुखत होतं."

"कशाबद्दल?"

"ती तुम्हाला बाबा म्हणते त्याबद्दल." साठी उलटलेल्या माणसाने हे वाक्य मोठ्याने म्हणून बघावं, म्हणजे मला काय वाटलं ते कळेल. "पायऱ्या वगैरे सगळं नंतरचं."

व्याही म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तिने मला विचारलं होतं. म्हणाली, सर, तुम्हाला बाबा म्हटलं तर चालेल का? तिकडे दिवसातून शंभर वेळा तोंडात असायचा तो शब्द. इथे कुणाला म्हणताच येत नाही. काहीतरी हरवल्यासारखं वाटतं." त्यांनी चष्मा सारखा करायला उजवा हात उचलला, प्लॅस्टर आठवलं आणि डाव्या हाताने केला. "मी हो म्हटलं. तुमचीच आठवण येत होती तिला. मला काय, आयता मिळाला शब्द."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघायला लागू नये म्हणून व्याही पंख्याकडे बघत बसले. त्या क्षणीसुद्धा हा माणूस माझ्याहून चांगला वागला, आणि खोटं कशाला सांगू, ते त्या क्षणीसुद्धा मला खुपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिमेंटचं पोतं घेऊन कामाला लागलो. तिन्ही पायऱ्यांच्या कडा उचकटल्या, खालची वाळू खरवडून भिंतीचा माथा स्वच्छ धुतला, उचकटलेल्या विटा धुऊन पाण्यात भिजवल्या आणि लांबी आत घालून एकेक मसाल्यात बसवली. व्याही खुर्ची टाकून शेजारी बसले. डाव्या हाताने विटा देत होते आणि वहीत डाव्या हातानेच काहीतरी वेडंवाकडं टिपून घेत होते. "मसाल्याची जाडी किती म्हणालात?" मी सांगितलं. त्यांनी जे जे विचारलं ते ते सगळं सांगितलं. माझी कंबर धरली होती, पण त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. मुकादमाने दोघांना चहा आणून दिला, दोघांना एकदमच. माझ्याशी बोलली, पण "जेवायला थांबताय का" एवढंच. मी म्हटलं नको.

चार दिवस पायऱ्यांवर पाणी मारलं, कुणाला वर पाय ठेवू दिला नाही, मागच्या दाराने ये-जा ठेवली. पाचव्या दिवशी मी दोरी सोडली. स्वतः तीनदा चढलो-उतरलो. टाचेवर सगळं वजन टाकून कडेवर उभा राहिलो. चाळीस वर्षांत माझ्या हातून एवढं पक्कं काम झालं नसेल. मी खाली उभा राहून हाक मारली, "ये आता. झालं."

ती बाहेर आली. छोटी कडेवर, दुसऱ्या हातात पिशवी. वरच्या पायरीपाशी ती थांबली. पिशवी खाली ठेवली. छोटीला दुसऱ्या कडेवर घेऊन तिने एक हात भिंतीला टेकवला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याने कडेची वीट दाबून पाहिली. मग शेजारची दाबली. मग पाय ठेवला. मधल्या पायरीवर आली, तिथेही अंगठ्याने एकेक वीट चाचपली, पहिली, दुसरी, तिसरी, सगळ्या. मी डोळ्यांसमोर उभा होतो, हातात अजून सोडलेली दोरी होती, आणि ती माझ्याकडे न बघता, मान खाली घालून, जपून जपून माझ्या पायऱ्या उतरत होती.